बंद पडलेला पेट्रोल पंप आणि शेजारच्या विहिरीचे पाणी

गावाबाहेरून वळणरस्ता झाला, की गावातल्या जुन्या पेट्रोल पंपाचे गिऱ्हाईक तुटते. काही दिवसांनी पंप बंद होतो. मशीन काढून नेतात, छप्पर उतरते, भोवती पत्र्याचे कुंपण पडते आणि चार-दोन वर्षांत त्या जागी दुकानांचे गाळे, मंगल कार्यालय किंवा घरे उभी राहतात. तेथे पंप होता हे नव्याने राहायला आलेल्यांना ठाऊकही नसते. पण जमिनीखालच्या टाकीतून किंवा नळीतून वर्षानुवर्षे काही गळत असेल, तर ते मातीत आणि पाण्यात मुरलेले असते. पंप बंद झाला म्हणून ते नाहीसे होत नाही.

पटकी, कावीळ, विषमज्वर यांच्या भीतीने आपण पिण्याचे पाणी उकळतो, गाळतो, त्यात औषध टाकतो. ही सवय चांगलीच आहे. परंतु पेट्रोलने दूषित झालेल्या पाण्याला यातला एकही उपाय लागू पडत नाही. म्हणून या आठवड्यात अशा जागेची तपासणी शास्त्रशुद्ध रीतीने कशी करतात आणि शेजाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी, हे पाहू.

गळती लक्षात का येत नाही?

पंपावरच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. जुन्या टाक्या आणि नळ्या साध्या पोलादाच्या असत. ओलसर मातीत पोलाद गंजते आणि सांध्याला, वळणाला बारीक भोक पडते. सेकंदाला एक थेंब गळतो असे धरले, तरी दिवसाला सुमारे चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर पेट्रोल जमिनीत जाते. रोज हजारो लिटरची विक्री असलेल्या पंपावर चार लिटरची तूट हिशेबात सहज दडते. उन्हाने थोडे उडाले, मापात थोडे इकडेतिकडे झाले, असे समजून ती सोडून दिली जाते.

गळलेले पेट्रोल प्रथम माती आणि मुरमातून खाली उतरते. काही भाग मातीच्या कणांना चिकटून राहतो, काही भाग वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांत पसरतो. उरलेले भूजलापर्यंत पोहोचते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पाण्यावर तरंगते. मात्र त्यातले काही घटक पाण्यात विरघळतात आणि भूजल ज्या दिशेने वाहते त्या दिशेने पुढे सरकतात. त्यामुळे पोहरा किंवा फूटव्हॉल्व्ह खोल सोडून तळाचे पाणी घेतले, तरी सुटका होत नाही.

मुख्य शत्रू : बेन्झीन

पेट्रोल म्हणजे शेकडो रसायनांचे मिश्रण. आरोग्याच्या दृष्टीने त्यात बेन्झीनचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. टोल्युइन, इथाइलबेन्झीन आणि झायलीन हे त्याचेच भाऊबंद. बेन्झीनमुळे माणसाला कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निर्विवाद मानले आहे आणि त्याला पहिल्या गटात घातले आहे. आपले रक्त हाडांतल्या अस्थिमज्जेत तयार होते. बेन्झीन दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास या कारखान्यावरच घाव पडतो. लाल पेशी कमी होऊन पंडुरोग होतो, पांढऱ्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्ग वारंवार होतो आणि काही जणांत पुढे रक्ताचा कर्करोग उद्भवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेन्झीनसाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. अमेरिकेतील मर्यादा याच्याही निम्मी, लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे.

आता एक हिशेब करू. आजच्या भारत स्टेज ६ प्रतीच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे पावणेनऊ ग्रॅम. हे सगळे पाण्यात विरघळले, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी या मर्यादेला जाऊन टेकेल. वीस फूट व्यासाच्या आणि तीस फूट पाणी असलेल्या विहिरीत सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी असते. अशा तीन विहिरींना एक लिटर पेट्रोल पुरते. प्रत्यक्षात सगळे बेन्झीन पाण्यात उतरत नाही, हे खरे. पण थोडक्या गळतीकडे दुर्लक्ष का करू नये, ते यावरून कळेल.

नाकावर भरवसा ठेवू नका

"वास आला तर कळेलच की," असे पुष्कळांना वाटते. ही समजूत धोक्याची आहे. पाण्यात बेन्झीनचा वास माणसाला साधारणपणे लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास येऊ लागतो. हे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या एक हजार पट आहे. टोल्युइन, झायलीन यांचा वास त्यामानाने लवकर येतो, म्हणून पेट्रोलने दूषित झालेल्या पाण्याला कधी कधी वास जाणवतो. पण तो सतत येईलच असे नाही. शिवाय रोज तेच पाणी वापरणाऱ्याच्या नाकाला त्याची सवय होऊन जाते. पाहुणा आल्यावर तोच प्रथम विचारतो, "पाण्याला कसला वास येतोय?" असे कोणी विचारले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

याचा सरळ अर्थ असा : वास आला तर पाणी खराब आहे हे नक्की, पण वास आला नाही म्हणून ते चांगले आहे असे ठरत नाही.

अमेरिकेतील एका शहराचा धडा

अमेरिकेत पेट्रोल पंपाला 'गॅस स्टेशन' म्हणतात. तेथे १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा झाला. तेव्हापासून आजवर ५ लाखांहून अधिक ठिकाणी गळतीची खात्री पटली आहे. त्यातले कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

हे समुद्रकाठचे शहर आपल्या पाण्याचा मोठा भाग स्वतःच्या विहिरींतून घेत असे. १९९५ साली शहराच्या चार्नॉक भागातील विहिरींच्या पाण्यात एमटीबीई नावाचे रसायन सापडले. पेट्रोल चांगले जळावे म्हणून ते त्यात मिसळले जात होते. हे रसायन पाण्यात चटकन विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि जंतूंकडून सहजी कुजवले जात नाही. त्यामुळे पेट्रोलमधल्या इतर घटकांच्या पुढे ते धावते. परिसरातील पेट्रोल पंपांच्या टाक्या आणि नळ्यांमधून ते भूजलात उतरले होते. शहराच्या विहिरींवर मोठे पंप चालत असल्याने भोवतालचे दूषित पाणीही त्यांच्याकडे ओढले गेले.

१९९६ साली या विहिरी बंद कराव्या लागल्या. आर्केडिया नावाच्या दुसऱ्या भागातील विहिरीही बंद झाल्या आणि शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा हातचा गेला. बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. शुद्धीकरणाची यंत्रणा उभारून चार्नॉकचे पाणी पुन्हा नळाला आले ते २०१० च्या अखेरीस. गळती काही वर्षांची, तिचे निस्तरणे पंधरा वर्षांचे! एका श्रीमंत शहराची ही कथा. आपल्या गावात जिथे एकाच विहिरीवर किंवा बोअरवर वीस-पंचवीस घरे अवलंबून असतात, तिथे आधीच सावध राहिलेले बरे.

तपासणी कशी करतात?

दूषित जागेची तपासणी आणि रुग्णाची तपासणी यांत पुष्कळ साम्य आहे. डॉक्टर एकदम सुई टोचत नाहीत. आधी हकीकत विचारतात, मग शरीर तपासतात, मग रक्त तपासायला पाठवतात आणि शेवटी उपचार ठरवतात. येथेही तोच क्रम असतो.

पहिली पायरी, हकीकत. पंप कधी सुरू झाला, कधी बंद झाला? टाक्या किती होत्या, कोणत्या जागी होत्या, त्या काढल्या की तशाच गाडून ठेवल्या? नळ्या कुठून कुठे गेल्या होत्या? टँकर कोठे रिकामा होत असे? गाड्या धुण्याचा रॅम्प आणि जळके ऑइल टाकण्याची जागा कोणती? जुने नकाशे, परवान्याची कागदपत्रे आणि साठ्याची नोंदवही पाहतात. त्या पंपावर काम केलेल्या जुन्या माणसांना विचारतात. "अमुक साली त्या कोपऱ्यातली टाकी बदलली होती," असे एखादे वाक्य कधी कधी कागदांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

पंपाचे वय महत्त्वाचे असते. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्याआधी चाललेल्या पंपाच्या जागेत शिशाचीही तपासणी करावी लागते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते आणि ते कुजून नाहीसे होत नाही.

दुसरी पायरी, मातीची तपासणी. टाक्यांची जागा, मशीनची जागा, नळ्यांचा मार्ग अशा संशयित ठिकाणी छोट्या व्यासाची छिद्रे पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात. मातीतून निघणारी वाफ मोजणारे हातातले यंत्र असते, त्यावर जागच्या जागी अंदाज येतो. ज्या थरात आकडा जास्त, तेथील नमुना प्रयोगशाळेकडे जातो.

तिसरी पायरी, भूजलाची तपासणी. त्यासाठी खास निरीक्षण विहिरी घेतात. या विहिरी म्हणजे जाळीचे पाइप घातलेली बारीक बोअर असतात. अशा किमान तीन तरी लागतात. तीन ठिकाणची पाण्याची पातळी एकाच आधारापासून मोजली, की पाणी कोणीकडे वाहते ते काढता येते. एक विहीर पंपाच्या वरच्या अंगाला घेतात, म्हणजे मूळचे पाणी कसे आहे ते समजते. खालच्या अंगाला घेतलेल्या विहिरींवरून प्रदूषण कोठवर पोहोचले आहे, ते कळते. पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगत असेल, तर त्याची जाडीही मोजतात.

आपल्याकडे एक अडचण अधिक असते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या कातळात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाहते. कॅलिफोर्नियातील गळतीच्या अनेक जागांचा १९९५ साली अभ्यास झाला, तेव्हा बेन्झीनचा फैलाव बहुतेक ठिकाणी सुमारे २५० फुटांच्या आत थांबलेला आढळला. मातीतले जंतूच ते खाऊन संपवतात. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण ते निष्कर्ष प्रामुख्याने मातीवाळूच्या थरांतले आहेत. भेगाळ कातळाला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. लगतची विहीर स्वच्छ आणि त्यापलीकडची दूषित, असेही होऊ शकते.

ऋतूचाही परिणाम असतो. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर चढते, उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर पेट्रोलही वरखाली होऊन मातीचा जाड थर माखते. म्हणून वास कधी येतो, कधी जातो. एकदाच तपासून न थांबता पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असे दोन्ही वेळा नमुने घ्यावेत.

नमुना घेण्यातली चूक सगळे वाया घालवते

बेन्झीन अतिशय उडून जाणारे आहे. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून, उन्हात, एस.टी.ने पाठवलेले पाणी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातले बरेचसे बेन्झीन उडून गेलेले असते. मग अहवालात 'आढळले नाही' असे येते आणि सगळे निश्चिंत होतात. योग्य पद्धत अशी, की लहान काचेची बाटली काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू नये, झाकण घट्ट असावे आणि ती बर्फात ठेवून लवकरात लवकर पोहोचवावी. हे काम प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. पाण्याची नेहमीची तपासणी म्हणजे जंतू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा वगैरे. त्या अहवालावर 'पिण्यास योग्य' असा शेरा असला, तरी त्यात बेन्झीन पाहिलेले नसते. अर्जात 'बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन, झायलीन, एमटीबीई आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन' अशी नावे स्पष्ट लिहून द्यावीत. जुन्या पंपाच्या बाबतीत शिसेही लिहावे. ही तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रावर होते आणि ते प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे आधी चौकशी करावी.

उपचार

निदान झाल्यावर उपचाराचा पहिला भाग म्हणजे माणसांना दुसरे पाणी देणे. नंतर गळणारी टाकी व नळ्या काढणे, फार माखलेली माती उचलून तिची योग्य विल्हेवाट लावणे, मातीतली वाफ यंत्राने ओढून घेणे, दूषित पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून किंवा हवेच्या झोतातून शुद्ध करणे असे उपाय असतात. प्रदूषण थोडे आणि वस्तीपासून दूर असेल, तर जंतूंना त्यांचे काम करू देऊन ठरावीक काळाने पाणी तपासत राहणे हाही मान्य मार्ग आहे. मात्र 'लक्ष ठेवणे' आणि 'सोडून देणे' यांत फरक आहे.

घरी काय करावे, काय करू नये

१. पाण्याला पेट्रोल, रॉकेल किंवा रंगाच्या थिनरसारखा वास आला, तर ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ताबडतोब बंद करावे. आंघोळीलाही वापरू नये. बंद न्हाणीघरात कढत पाण्यातून बेन्झीनची वाफ श्वासावाटे आत जाते.

२. असे पाणी उकळू नये. उकळल्याने जंतू मरतात, पण बेन्झीन वाफ होऊन स्वयंपाकघराच्या हवेत मिसळते आणि चुलीपाशी असलेल्या माणसाच्या छातीत जाते. तुरटी, ब्लीचिंग पावडर, क्लोरीनच्या गोळ्या यांचा येथे उपयोग नाही. घरगुती शुद्धीकरण यंत्रातला कोळसा बेन्झीन काही प्रमाणात धरतो, पण तो केव्हा भरून गेला हे घरात कळत नाही. त्यावर विसंबू नये.

३. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर काडीने हलवून पाहावे. तवंगाचे काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळे राहिले, तर तो बहुधा लोहजंतूंचा असतो. तुकडे न होता तवंग फिरून पुन्हा एक झाला, तर तेलाचा संशय धरावा. ही केवळ प्राथमिक खूण आहे, तिने तपासणीची जागा भरून निघत नाही.

४. विहिरीतून, तळघरातून किंवा गटारातून पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर काडी ओढू नये, दिवा लावू नये, विजेचे बटण दाबू नये. विहिरीत कोणी उतरू नये. माणसे दूर करून अग्निशमन दल आणि पोलिसांना कळवावे. मेक्सिकोतील ग्वादलाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी नळीतून गळलेले पेट्रोल गटारांत साचून स्फोट झाले आणि २०० हून अधिक माणसे दगावली. त्याआधी काही दिवस लोक वासाची तक्रार करीत होते.

५. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, कधी कधी अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. भंगारासाठी अशी टाकी गॅस कटरने कापण्याचा प्रयत्न जिवावर बेततो. हे काम जाणकारांनीच वाफ काढून टाकल्यावर करायचे असते.

६. संशय आल्यास ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला पाठवाव्यात. भूजल कोणीकडे वाहते याची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे मिळू शकते. पंपाच्या साठवणुकीचे परवाने पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना देते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. अर्जाची पोच जपून ठेवावी.

७. जुन्या पंपाची जागा किंवा तेथे बांधलेले घर घेताना सातबारा आणि बांधकाम परवान्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत : टाक्या काढल्याचा कागद कोठे आहे? आणि माती व पाणी तपासले का? त्या जागेत बोअर मारण्याआधी तर हे विचारलेच पाहिजे.

नव्या पंपांबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी भाग यांपासून पंप सर्वसाधारणपणे ५० मीटर दूर असावा, असे त्यांत म्हटले आहे. पण आपल्या गावांतले कित्येक जुने पंप याच्या फार आधीचे आहेत.

शेवटी एक खुलासा. पंपाशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असे मुळीच नाही. शेजारात कोणाला रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याचे कारण पंपच, असेही म्हणता येत नाही. आणि साध्या रक्ततपासणीवरून पाण्यात बेन्झीन आहे की नाही ते कळत नाही. रक्त तपासून पाण्याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा पाणीच तपासावे. एक वर्षाच्या मुलाला दूध पाजणाऱ्या, गरोदर असलेल्या आणि दिवसभर घरात राहणाऱ्या बायकांचा त्या पाण्याशी सर्वांत जास्त संबंध येतो. वासाची पहिली तक्रारही बहुधा त्यांच्याचकडून येते. ती तक्रार घरातल्यांनी आणि ग्रामपंचायतीने त्याच दिवशी मनावर घ्यावी.